गळती

गळतीच्या विषयात मला वडिलोपार्जित अधिकार आहे. आमचं जुनं घर कौलारू होतं. मृग लागण्यापूर्वी वडील ते शाकारून घेत आणि मृग लागला की मागल्या वर्षीच्या सगळ्या गळत्या बंद होऊन नव्या सुरू होत. त्यामुळे पातेलं कुठं ठेवायचं आणि घंगाळ कुठं, याचा अभ्यास दरवर्षी नव्यानं करावा लागे. एकदा पाहुण्यांच्या ताटात नेमके वरणावर थेंब पडायला लागले, तेव्हा वडिलांनी पाहुण्यांना पाटासकट हलवलं, पण छपराला दोष दिला नाही. ‘पाणी पडतं कुठं ते बघू नका, शिरतं कुठून ते बघा,’ असं ते आम्हाला सांगत. ते स्वतः दोन्ही बघत नसत, ही गोष्ट वेगळी.

पुढं बँकेत चिकटलो, ब्लॉकमध्ये राहायला आलो आणि नळ, फ्लशची टाकी, फाउंटन पेन, बँकेतल्या बदल्यांच्या याद्या अशा नाना प्रकारच्या गळत्या पाहिल्या. पण बंद केलेला आवाजसुद्धा गळतो, हे कळायला मला १९८५ साल उजाडावं लागलं.

आमच्या बँकेला नाटकाचा नाद होता. वर्षातून एकदा आंतरबँक नाट्यस्पर्धा असायची आणि तिच्या आधी दोन महिने आमच्या शाखेत चेक वटायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायचा, कारण चेक वटवणारा नायक होता आणि त्यावर दुसरी सही करणारा खलनायक. नाटकात माझी नेमणूक ध्वनी विभागात झाली. मी हौसेनं रेडिओ दुरुस्त करतो अशी कुणीतरी बातमी पसरवली होती. खरं म्हणजे मी हौसेनं रेडिओ उघडत असे. दुरुस्त होणं न होणं रेडिओच्या मर्जीवर होतं. पण ज्या माणसाकडे सोल्डरिंगची इस्तरी आहे तो तज्ज्ञ, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती आणि ती खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यात नव्हता.

करमणूक समितीनं एका ओळखीच्या मिस्त्रीकडून सहा चॅनेलचा मिक्सर बनवून घेतला होता. मिक्सर म्हणजे चटणीचा नव्हे. (आमच्या घरी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा सौभाग्यवतींचा चेहरा क्षणभर उजळला होता. ते पाप अजून माझ्या डोक्यावर आहे.) हा मिक्सर म्हणजे हिरव्या रंगाचा पत्र्याचा डबा. पहिले तीन चॅनेल रंगमंचावरच्या माइकांचे, चौथा विंगेतल्या माइकचा, पाचवा-सहावा टेपरेकॉर्डरचे. प्रत्येक चॅनेलला वरखाली सरकणारी एक दांडी, तिला फेडर म्हणतात. दांडी वर केली की आवाज वाढतो, खाली आणली की बंद होतो. निदान तसा करार असतो. डब्यातून आवाज दोन वाटांनी बाहेर पडे. एक वाट हॉलमधल्या मोठ्या कर्ण्यांकडे जाई. दुसरी रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही असा ठेवलेल्या एका छोट्या स्पीकरकडे, कारण पार्श्वसंगीत कधी सुरू झालं ते नटांनाही कळावं लागतं. या दुसऱ्या वाटेसाठी प्रत्येक चॅनेलला एक वेगळं छोटं बटण होतं. मी त्यातली टेपची दोन तेवढी उघडी ठेवून बाकीची शून्यावर ठेवत असे.

विंगेतला माइक पडद्यामागच्या आवाजांसाठी होता. सबंध नाटकात त्याचं काम दोन वेळा: एकदा पोस्टमन ‘पोऽऽस्ट’ म्हणून ओरडायचा आणि एकदा शेजारणीचं रडणं. एरवी तो बंद. आता रिकामा उभा असलेला माइकचा स्टँड पाहिला की त्याला काहीतरी अडकवावंसं वाटणं हा मनुष्यस्वभाव आहे. आमच्या प्रॉम्प्टरनं त्याला नाटकाची वही अडकवली. म्हणजे नट माइकपासून चार हातांवर आणि प्रॉम्प्टर चार बोटांवर.

त्या वर्षी नाटकात आप्पांची मुख्य भूमिका होती. आप्पा आमचे हेड कॅशियर आणि शाखेचे नटसम्राट. निवृत्त मास्तरांच्या भूमिकेत ते असे काही उभे राहत की प्रेक्षकांतले खरे निवृत्त मास्तर खजील होत. त्यातही आप्पांचा पॉज प्रसिद्ध होता. वाक्याच्या मध्येच ते थांबत, शून्यात बघत, मान किंचित डावीकडे झुकवत आणि मग असं काही वाक्य टाकत की बायका पदर डोळ्यांना लावत. तरुण नट त्या पॉजची नक्कल करायचे. ते नुसतेच वाक्य विसरल्यासारखे दिसायचे.

तर स्पर्धेच्या प्रयोगात तिसऱ्या अंकात आप्पा मुलीला म्हणाले, ‘पोरी, या घरात आता...’ आणि त्यांनी पॉज घेतला. हॉल टाचणी पडली तर ऐकू येईल इतका शांत. आणि त्या शांततेत दोन्ही भिंतींवरच्या कर्ण्यांतून, जुन्या वाड्यातल्या समंधानं बोलावं तसा, बारीक आवाज आला: ‘स्स... तुझ्याशिवाय कुणीच... श्श...’ आप्पा म्हणाले, ‘तुझ्याशिवाय कुणीच नाही!’ प्रेक्षकांत खसखस पिकली. तेवढ्यावर निभावलं असतं, पण पाठोपाठ तोच आवाज कुणाला तरी म्हणाला, ‘भजी गरम आहेत का बघ.’

पुढचा अंक हास्याच्या कारंज्यात पार पडला. परीक्षकांच्या अहवालात ‘भज्यांचा उल्लेख प्रतीकात्मक असल्यास तो स्पष्ट व्हायला हवा होता’ असा शेरा आला. समितीची बैठक भरली. मी शपथेवर सांगितलं की चौथ्या चॅनेलचा फेडर शेवटपर्यंत खाली होता. सेक्रेटरी म्हणाले, ‘मग आवाज काय भिंतीतून आला?’ प्रॉम्प्टर म्हणाला, ‘भजी गार होती, एवढंच मला माहीत आहे.’ अखेर पुढच्या स्पर्धेपर्यंत मिक्सर निर्दोष करून आणण्याची जबाबदारी माझ्यावर पडली, आणि तो हिरवा डबा आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. तो तिथं पाच महिने होता. त्या काळात आम्ही जमिनीवर पाट मांडून जेवत होतो. आमच्या वडिलांना ते फार आवडलं.

पहिले पंधरा दिवस मी फक्त झाकण उघडून आत बघत असे. सौ. म्हणायच्या, ‘अहो, मोरीतला नळ तीन महिने गळतोय. तोही एकदा असाच उघडून बघा ना.’

दोष समजावून घ्यायला मी एका तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या मित्राकडे गेलो. त्यानं बंद चॅनेलमध्ये एक व्होल्टचा स्वर सोडला आणि बाहेर किती येतो ते मिलिव्होल्टमीटरवर मोजलं. साध्या, म्हणजे एक हजार सायकलच्या स्वराला दहा मिलिव्होल्ट. म्हणजे शंभरातला एक हिस्सा गळत होता. त्यांच्या भाषेत चाळीस डेसिबल खाली. मला ते फार वाटलं नाही. बँकेत शंभराला एक रुपया म्हणजे काहीच नाही, कारकुनाच्या ठेवीवरसुद्धा त्याहून जास्त देतात. मित्र म्हणाला, ‘कान बँकेत नोकरीला नसतो. रात्री सगळं निवलं की त्याला हजारातला एक हिस्साही ऐकू येतो.’ मग त्यानं स्वर दहा हजार सायकलवर नेला आणि काटा तिसाच्या पुढं गेला. तेव्हा तो खूश झाला. (डॉक्टर आणि इंजिनियर एकाच गोष्टीनं खूश होतात: दुखणं एक नसून दोन आहेत असं कळलं की.) म्हणाला, ‘जी गळती सगळ्या स्वरांना सारखी असते ती जमिनीतून येते. जी चढ्या स्वराला वाढत जाते ती हवेतून येते. तुझ्याकडे दोन्ही आहेत.’

आता हे जमीन आणि हवा प्रकरण मला समजलं तसं सांगतो. ज्यांना नको असेल त्यांनी थेट आप्पांपाशी यावं, मी रागावणार नाही.

हवेतली गळती आधी. आमच्या मिस्त्रीनं डब्यातल्या सगळ्या वायरी एकत्र घेऊन त्यांची दोऱ्यानं बांधलेली अशी सुबक वेणी घातली होती की बघत राहावं. तीच नडली. दोन वायरी एकमेकींना अंग चिकटवून चालल्या की त्यांच्यात आपोआप एक बारीकसा कपॅसिटर तयार होतो. वेणीतला तो पन्नास-साठ पिकोफॅरडचा निघाला. जाड्या, खर्जातल्या आवाजाला त्यातून जाता येत नाही. पण स्वर जितका चढा तितका तो सुखानं पलीकडे जातो. आणि माणसाच्या बोलण्यात सगळ्यांत चढे असतात स, श, च, छ. कुजबुजताना तर गळ्यातला सूर गायबच होतो, उरतो तो नुसता हा फुसफुसाट. म्हणजे डब्यातून सगळ्यांत चांगलं काय गळणार, तर कुजबूज! खणखणीत बोलणारा माणूस या डब्यातून अडकला असता. प्रॉम्प्टर मात्र जन्मालाच जणू त्यातून पाझरण्यासाठी आला होता.

जमिनीतली गळती चाळीत राहिलेल्यांना लगेच कळेल. चाळीच्या सगळ्या मोऱ्यांना मिळून सांडपाण्याचा एकच नळ असतो आणि तो पुरेसा रुंद नसतो. वरच्या मजल्यावर कुणी बादली ओतली की तळमजल्याच्या मोरीत पाणी वर येतं. मिक्सरमध्ये प्रत्येक फेडरनं नको असलेला आवाज ‘अर्थ’मध्ये, म्हणजे डब्याच्या सामाईक जमिनीत, सोडून द्यायचा असतो. आमच्या डब्यात सहाही फेडरांची अर्थ एकाच केसासारख्या तारेनं, एकाला जोडून दुसऱ्याला, दुसऱ्याला जोडून तिसऱ्याला अशी नेली होती आणि वाटेत दोन ठिकाणी डाख कच्चा होता. फेडर तळाला आणला तरी चांगला शंभरेक ओहमचा अडथळा शिल्लक राहत होता. तेवढ्यावर आवाज तुंबायचा आणि शेजाऱ्याच्या मोरीतून वर यायचा.

मी प्रथम ती वेणी कापली. आयुष्यात इतकं सुंदर काम मी दुसऱ्यांदा बिघडवलेलं नाही. प्रत्येक वायर वेगळ्या वाटेनं नेली. माइकच्या वायरी शील्डेड घातल्या आणि त्यांच्यावरची जाळी एकाच टोकाला अर्थ केली. दोन्ही टोकांना केली तर तिचंच कडं होऊन घूंऽऽ असा आवाज येतो. हे मला आधी माहीत नव्हतं, नंतर सबंध इमारतीला माहीत झालं. मग प्रत्येक फेडरपासून स्वतंत्र जाड तांब्याची तार काढून त्या सगळ्या डब्यात एकाच खिळ्यावर आणून बांधल्या. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा नळ, थेट मोठ्या गटारापर्यंत.

आवाज जिथं एकत्र होतात ती जागाही बदलावी लागली. जुन्या पद्धतीत सगळे चॅनेल आपापल्या रोधकातून एका तारेवर येऊन पडत, आणि एकाचा आवाज त्या तारेवरून उलटा दुसऱ्याच्या घरात शिरत असे. नव्या पद्धतीत ७४१ चे जुने किडे काढून टीएल०७२ नावाचे, आठ पायांचे आणले. (लॅमिंग्टन रोडला दोन फेऱ्या, पहिल्या फेरीत दुकानदारानं तसाच दिसणारा भलताच किडा दिला होता.) प्रत्येक चॅनेल बावीस हजार ओहममधून या किड्याच्या उलट्या पायाला आणला आणि बाहेरून आत तेवढाच रोधक उलटा जोडला. असं केलं की तो पाय कायम शून्य व्होल्टवर राहतो. येईल तो प्रवाह किडा गिळतो, पण तारेवर आवाजाचा मागमूस नाही. मग तो उलटा शेजाऱ्याकडे जाणार कुठून? या जागेला ‘व्हर्च्युअल अर्थ’ म्हणतात. म्हणजे जमीन नाही, पण जमिनीसारखी वागते. मला हे चटकन पटलं. आम्ही सहकारी सोसायटीत ज्या प्लॉटचे हप्ते भरत होतो तोही याच जातीचा होता.

शेवटी चौथ्या चॅनेलला एक दुहेरी खटका बसवला. नुसता आवाजाचा रस्ता तोडून भागत नाही. उघड्या खटक्याच्या दोन पात्यांमधूनही स आणि श उडी मारतात. म्हणून रस्ता तोडायचा, आणि तोडलेलं टोक लगेच अर्थला जोडायचं. दार लावायचंच, शिवाय दाराशी ताटकळलेल्याला मोरीची वाट दाखवायची.

पुन्हा मित्राच्या मीटरवर नेला. एक हजार सायकलला काटा हललाच नाही. सगळ्यांत बारीक पट्टीवर घेतला तेव्हा एक दशांश मिलिव्होल्ट: दहा हजारांतला एक हिस्सा, ऐंशी डेसिबल खाली. दहा हजार सायकललाही जेमतेम पाव मिलिव्होल्ट. मी घरी पेढे नेले. सौ. म्हणाल्या, ‘नळ दुरुस्त झाला का?’

(पुढं २०१० साली डग्लस सेल्फ या इंग्रज तंत्रज्ञाचं ‘स्मॉल सिग्नल ऑडिओ डिझाइन’ नावाचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात मिक्सरच्या या सगळ्या दुखण्यांचा विचार केलेला आहे. वाचून बरं वाटलं. आमच्या मिस्त्रीच्या चुका आंतरराष्ट्रीय दर्जाच्या होत्या.)

१९८६ ची स्पर्धा. नाटक नवं, पुन्हा आप्पा बापाच्या भूमिकेत. तालमी शाखेच्या वरच्या हॉलमध्ये झाल्या. तिथं प्रॉम्प्टर समोर खुर्ची टाकून खणखणीत वाचायचा, त्यामुळे मिक्सरची गरज नव्हती. रंगीत तालमीला मंडपवाल्याचा स्पीकर आलाच नाही. म्हणजे माझा नवा डबा प्रथम लागला तो थेट प्राथमिक फेरीच्या प्रयोगात.

पहिला अंक निर्वेध पार पडला. विंगेत प्रॉम्प्टर वही अडकवून उभा होता, मध्येच कुणाला तरी सुपारी मागत होता आणि हॉलमध्ये त्यातला एक ‘स’सुद्धा येत नव्हता. मी कानांना हेडफोन लावून ती शांतता ऐकत बसलो होतो. गवयाला स्वतःचा षड्ज ऐकताना जे होत असेल ते मला होत होतं.

दुसऱ्या अंकात आप्पांनी पॉज घेतला.

नेहमीप्रमाणे ते शून्यात पाहू लागले. मान किंचित डावीकडे झुकली. हॉल शांत झाला. मीही मनात दाद दिली. पॉज लांबला. माझ्या शेजारी बसलेले सेक्रेटरी पुटपुटले, ‘आज काय रंगलेत आप्पा!’ पॉज आणखी लांबला. आप्पांची मान आणखी डावीकडे झुकली आणि एकदम माझ्या लक्षात आलं की ते शून्यात बघत नव्हते. ते त्या छोट्या स्पीकरकडे बघत होते.

मी हेडफोन फेकले. विंगेत प्रॉम्प्टर तेच वाक्य तिसऱ्यांदा कुजबुजत असणार, आणि ते चार बोटांवरच्या माइकमध्ये शिरून माझ्या जाड तांब्याच्या तारेवरून थेट गटारात जात असणार. एक हिस्साही बाहेर येत नव्हता. खटका टाकायला हात पुढं केला, पण तो टाकला असता तर मागल्या वर्षीची भजी पुन्हा सबंध हॉलला वाढली गेली असती. आप्पांच्या कपाळावर मेकअपच्या खालून घाम आला. त्या चेहऱ्यावर आता बाप नव्हता, मास्तर नव्हता. अनोळखी स्टेशनवर उतरलेला एक म्हातारा माणूस होता.

सावरलं ते मुलीचं काम करणाऱ्या आमच्या ठेवी विभागातल्या मुलीनं. ती पुढं झाली, ‘बाबा, दमलात तुम्ही. आत येऊन पाणी घ्या आधी,’ म्हणाली आणि त्यांच्या दंडाला धरून विंगेत घेऊन गेली. पंधरा सेकंदांनी आप्पा परत आले आणि पुढचं सगळं वाक्यागणिक बरोबर म्हणाले. नाटक अंतिम फेरीत गेलं. परीक्षकांनी लिहिलं, ‘दुसऱ्या अंकातला दीर्घ विराम अविस्मरणीय.’

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला कॅशच्या पिंजऱ्यात बोलावलं. पिंजऱ्यात हेड कॅशियरखेरीज कुणाला प्रवेश नसतो, म्हणून मी जाळीच्या बाहेर आणि ते आत, असे आम्ही बोललो. ते दहाच्या नोटांचं बंडल मोजत होते.

‘मिक्सर उत्तम झालाय,’ ते म्हणाले. ‘काहीच ऐकू येत नाही.’

मी म्हटलं, ‘आप्पा, मला कल्पना असती तर...’

‘अरे, तुला कशी असणार? मलाच नव्हती. दोन वर्षं मला वाटायचं, आठवतंय. थोडं थांबलं की येतं. कुठून येतं ते कोण बघतो?’ त्यांनी बंडल संपवून रबर लावलं. आकडा बरोबर होता; त्यांचा आकडा कधी चुकला नाही. ‘नोटा बोटांना पाठ आहेत. शब्दांचं तसं नाही बाबा. अंतिम फेरीला कुणी दुसरा बघा. मी दमा उपटला म्हणून सांगतो.’

अंतिम फेरीला बारा दिवस होते. आप्पांच्या निवृत्तीला पाच महिने.

त्या रात्री डबा पुन्हा जेवणाच्या टेबलावर आला. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाट मांडले. मी चौथ्या चॅनेलच्या, खटक्याच्या अलीकडच्या बाजूनं एक बारीक फाटा काढला आणि तो एका नव्या छोट्या खटक्यातून फक्त स्टेजच्या वाटेवर नेऊन सोडला. हॉलच्या वाटेला हात लावला नाही. मध्ये २.२ मेगओहमचा रोधक घातला: लाल, लाल, हिरवा. बावीस हजार भागिले बावीस लाख म्हणजे बरोबर शंभरातला एक हिस्सा. पण नुसत्या त्यानं भागणार नव्हतं. आप्पांच्या कानाला स, श, च यांची सवय होती. म्हणून रोधकाच्या डोक्यावर २२ पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाखून टाकला. मित्राच्या मीटरवर एक हजार सायकलला दहा मिलिव्होल्ट आले, दहा हजारला तीस. मिस्त्रीची वेणी मी दोन सुट्या भागांत पुन्हा घातली होती. मित्र म्हणाला, ‘तुला वेड लागलंय. पाच महिने जे काढलंस तेच परत घातलंस?’ त्याला मी फक्त एवढंच सांगितलं की मागच्या वेळी मी ते मोजून घेतलं नव्हतं.

सकाळी जाळीपाशी गेलो.

‘आप्पा, मिक्सर पुन्हा बिघडलाय.’

त्यांनी मोजणं थांबवलं नाही. ‘किती?’

‘पहिल्याइतका.’

‘हॉलमध्ये?’

‘हॉलमध्ये नाही. फक्त तुमच्या डाव्या हाताला.’

बंडल संपेपर्यंत ते बोलले नाहीत. मग रबर लावून म्हणाले, ‘प्रॉम्प्टरला सांग, भज्यांचं काही बोलायचं नाही.’

अंतिम फेरीत आम्हाला बक्षीस मिळालं नाही. नेपथ्य दुसऱ्या एका बँकेचं चांगलं होतं. पण आप्पांनी तीन पॉज घेतले आणि तिन्ही वेळा बायकांचे पदर डोळ्यांना गेले. मी हेडफोन न लावता फक्त त्यांच्या मानेकडे बघत बसलो होतो. मान झुकली की खटका वर, वाक्य आलं की खाली. पाच महिन्यांनी आप्पा निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाचं नाव घेतलं. कागद हातात होता. माझ्यापाशी येऊन थांबले, कागद बघितला नाही, आणि मान डावीकडे न झुकवता माझं नाव घेतलं.

पुढं ते कुणालाच ओळखेनासे झाले. १९९४ साली गेले.

स्पर्धा बंद झाली, करमणूक समिती विसर्जित झाली आणि तो डबा भंगारात जाताना मी घरी आणला. तो माळ्यावर असतो. परवा आमचा भाचा आला होता. तो ध्वनिमुद्रणाचा धंदा करतो. त्याचा मिक्सर हातात मावेल एवढा आहे आणि त्याला टॅबलेटच्या काचेवर बोट फिरवून चालवतात. जुनी वस्तू बघायची म्हणून त्यानं माळ्यावरून डबा काढून झाकण उघडलं. बराच वेळ बघत होता.

‘मामा, वायरिंग एकदम झकास आहे हो. त्या काळच्या मानानं फारच. पण इथं एक दोन पॉइंट दोन मेग चुकून राहिलाय बघा, माइकवरून थेट बसवर. गळती होत असणार. काढून टाकू?’

‘राहू दे.’

‘अहो, पण सरळ चूक आहे ती. विसरला असाल तुम्ही.’ त्यानं डबा उलटा करून समोरचा भाग उजेडात धरला. ‘आणि हा खटका कसला? यावर नेलपॉलिशनं “आप्पा” असं का लिहिलंय?’

मी आत ओरडून चहा टाकायला सांगितला.